माळा, पोटमाळा, लॉफ्ट : तुमच्या डोक्यावर काय काय होतं?

निवांत_दुपार
बिल्डिंग पाडायला काढलीय, महिनाअखेर घर रिकामं करायचंय. काल स्वयंपाकघरातला लॉफ्ट उपसला. आधी फ्रिजचं खोकं निघालं. फ्रिज २००९ मध्येच भंगारात गेला, खोकं मात्र वॉरंटीसाठी जपलेलं! मग जर्मनची तीन पातेली, सासऱ्यांचा होल्डॉल, थर्माकोलचं मखर (२०१८ मध्ये बंदी आली, टाकायचं कुठे म्हणून वर). सगळ्यात आत तांब्याचा बंब. नळकांड्यात हात घातला तर तळाशी अजून राख आणि करवंटीचा अर्धवट जळलेला तुकडा. सासूबाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. तोटी फिरवून बघितली, फिरते. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेलाय, मी काही बोलले नाही. तुमच्या माळ्यावर काय निघालं? लिहा.

गजाल
आमचा माळा चुलीच्या बरोब्बर वर. धूर लागून नारळ, कोकमं टिकायची, कीड नाही. एका कोपऱ्यात पेंढ्यात आंब्याची अढी. वास खालपर्यंत यायचा आणि आजी ओरडायची, "माळ्यार जाव नको, थंय जनावर आसा." आम्हाला वाटायचं आंबे वाचवायला थाप मारते. खरंच होती धामण, उंदरांवर राहिलेली. कात मिळाली एकदा, दीड हात.

बिनकामाचा
मला वाटलं धागा लॉफ्टेड शॉटवर आहे. मिडऑनच्या डोक्यावरून वगैरे. निघतो.

चाळकरी
थांब रे, चहा घे.
बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट, माणसं नऊ. पोटमाळा नसता तर आम्ही दोघे भाऊ दहावी झालोच नसतो. वर उभं राहता यायचं नाही, बसलं की टाळू छताला. भिंतीवर पेन्सिलीने वेळापत्रक लिहिलेलं, त्याखाली धाकट्याने सचिनचे रन. मे महिन्यात वर भट्टी. खाली पाहुणे आले की शिडी काढून ठेवायचे, मग लघवीला लागली तरी गप पडून राहायचं 😂

औंढ्याचा_पाहुणा
आमच्याकडं माळा नाही, माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची, तरी एक कोपरा गळायचाच. उन्हाळ्यात अंथरुणं वरच. मुंबईला आलो तेव्हा एकानं पत्ता सांगितला "तिसरा माळा". मी आपला शिडी हुडकतोय.

चाळकरी
@औंढ्याचा_पाहुणा हाहा, मजला रे मजला!

लीड्सवाली
इथे लॉफ्ट म्हणजे छपराखालची अख्खी पोकळी. थंडी अडवायला २७० मिमी जाडीचं ग्लासवूल अंथरलेलं, खालचं लाकूड दिसतच नाही. नवऱ्याला शंभरदा सांगितलं, फक्त आडव्या लाकडावर पाय ठेव. ख्रिसमसचं झाड काढायला वर गेला आणि मी बेडरूममध्ये इस्त्री करत असताना छतातून एक पाय खाली आला. मोज्यासकट.

बिनकामाचा
@लीड्सवाली मोजा कुठल्या रंगाचा? (न जाता इथेच आहे)

तळमजला
२६ जुलै २००५. तिकडे सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस, इकडे बदलापूरला नदी घरात. रात्रभर आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या लॉफ्टवर पाय दुमडून. दोन फूट रुंद स्लॅब. आईने वर काय घेतलं तर रेशनकार्ड आणि चकलीचा सोऱ्या. का, ते तिलाही सांगता आलं नाही. खाली सिलिंडर तरंगत दारावर आपटायचा, तो ठक् ठक् आवाज. जास्त लिहीत नाही, कुकर लावलाय.

गजाल
@तळमजला बापरे. आई बऱ्या आहेत ना?

तळमजला
मजेत. सोऱ्या अजून तोच.

कोल्हापुरी_साज
कबुतरांच्या लॉफ्टला आपल्याकडे ढाबळ म्हणतात, ते राहिलं. काकांची गच्चीवर होती. संध्याकाळी शिट्टी मारून कबुतरं उतरवायचे. काकू म्हणायची, माझ्या हाकेला एवढं कोणी येत नाही. बाकी @निवांत_दुपार, बंब देऊ नका हो. चिंच-मीठ लावून घासा, लख्ख होईल.

निवांत_दुपार
घासला सकाळीच. पण नव्या फ्लॅटला लॉफ्टच नाहीये, फॉल्स सीलिंग आहे.

चाळकरी
बाल्कनीत ठेवा.

निवांत_दुपार
बाल्कनीत वॉशिंग मशीन येणार.

बिनकामाचा
मशीनच्या खोक्यात ठेवा. ते टाकणार नाहीच आहात.