संसार मोडला म्हणून घर विकायलाच हवे का?

गावभागकर: घटस्फोटानंतर राहते घर धरून ठेवणे हा निव्वळ भावनिक हट्ट आहे. घर विकावे, कर्ज फेडावे, उरलेले दोघांनी वाटून घ्यावे आणि मोकळे व्हावे.

विश्रामबागची रहिवासी: आपण ‘वाटून घ्यावे’ असे सहज लिहिलेत, परंतु घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोच्या हाती वाटून घेण्यासारखे काय उरते? लग्नानंतर घेतलेल्या मालमत्तेत आपल्याकडे पत्नीचा निम्मा वाटा आपोआप ठरत नाही, आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दिलेला हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. आमचे घर दोघांच्या नावावर होते म्हणून निभावले. मुलगी दहावीत होती, तिची शाळा आणि माझी नोकरी दोन्ही जवळ होत्या, आणि विक्रीतून आलेल्या निम्म्या रकमेत त्या भागात मला दुसरे घर मिळाले नसते. राहिला भाड्याचा पर्याय. पण एकट्या बाईला घर देताना मालक जे प्रश्न विचारतात, ते आपल्याला कधी ऐकावे लागले नसावेत.

गावभागकर: मीही घरातलेच पाहिले आहे. भावाच्या घटस्फोटात घर वहिनींनी ठेवावे आणि हप्तेही त्यांनीच भरावेत, असे लेखी ठरले. कर्जावर मात्र दोघांची नावे तशीच राहिली, आणि आपसांत काय ठरले याच्याशी बँकेला देणेघेणे नसते. हप्ते थकल्यावर नोटीस भावाला आली आणि त्याला नव्या घरासाठी कर्ज मिळेना. हट्ट एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याला, याला न्याय म्हणायचे का?

कर्नाळ रस्ता: घर बाजारात काढले की विकलेच जाते, असे आपण दोघेही गृहीत धरले आहे. सांगलीत आमच्या भागात येणारा ग्राहक 2005, 2019 आणि 2021 साली पुराचे पाणी कुठवर आले होते, हे आधी विचारतो आणि किंमत नंतर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे, 2019 साली पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. माझ्या बहिणीचे घर वाटणीसाठी काढले, तेव्हा आलेला भाव ऐकून एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे ते दोघे प्रथमच एकमताने ‘नको’ म्हणाले. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या आळमट्टी धरणाची उंची 519 मीटरवरून 524 मीटरवर गेली आणि पाणी मागे तुंबले, तर तेवढाही भाव येणार नाही.

गावभागकर: सगळे खापर आळमट्टीवर फोडणे सोपे आहे. पुराची कारणे तपासण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने 2019 च्या पुराला आळमट्टीला जबाबदार धरले नव्हते. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नदीकाठच्या बांधकामास मनाई असलेल्या पट्ट्याच्या आत प्लॉट पाडणारे आणि ते स्वस्त म्हणून घेणारे, यांच्याबद्दल आपण अवाक्षर काढत नाही.

कर्नाळ रस्ता: आम्ही प्लॉट घेतला तेव्हा ती रेषा कोणीही दाखवली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरून पूर पाहणाऱ्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये.

साताऱ्याहून, दस्त नोंदणीचे काम करणारा: मी घराकडे वळतो. महाराष्ट्रात पतीने पत्नीला राहते घर बक्षीसपत्राने दिले, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे; स्थानिक अधिभार लागल्यास तो निराळा. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर ती पत्नी राहत नाही आणि ही सवलतही राहत नाही. त्यामुळे घर एकाने ठेवायचे ठरलेच असेल, तर परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज केल्यानंतर सहसा थांबावे लागणारे सहा महिने बँकेची परवानगी आणि दस्त यांसाठी वापरावेत. पक्षकार नेमके उलट्या क्रमाने येतात आणि शुल्काचा आकडा ऐकून आमच्यावरच डाफरतात.

गावभागकर: आणि बक्षीसपत्र हाती पडल्यावर तिने अंतिम संमती नाकारली, तर? घरही गेले आणि घटस्फोटही नाही.

विश्रामबागची रहिवासी: आपल्या कल्पनेतली प्रत्येक बायको लबाडच कशी असते? कर्जाचा मुद्दा मात्र मान्य करते, कारण मीही नवऱ्याचे नाव वगळून आपल्या पगारावर नव्याने कर्ज घेतले, तेव्हाच घर ठेवले. हप्ता झेपत असेल त्याने ठेवावे, एवढेच आपण लिहिले असते तर मी उत्तर दिले नसते.

गावभागकर: झेपत नसेल त्याने विकावे, हे आपण मान्य केलेत, याबद्दल आभारी आहे. आळमट्टीसाठी कृपया वेगळी चर्चा सुरू करावी.

कर्नाळ रस्ता: विषय आपणच लांबवलात.