दुखणार किती, कधी? तुमचे अनुभव सांगा

पानगळ
मागच्या महिन्यात वरची अक्कलदाढ काढली. पहिले डॉक्टर म्हणाले, "काही नाही, मुंगी चावल्यासारखं." सुई टाळूत शिरली आणि कानापर्यंत कळ गेली. दाढ तशीच ठेवून पळून आले. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं, "इंजेक्शनं दोन. पहिलं सोपं, टाळूचं वाईट. तेव्हा दहापर्यंत मोजा. नकोच झालं तर डावा हात वर करा, मी थांबते." टाळूचं वाईटच होतं. पण मी सातपर्यंत मोजलं आणि झालंसुद्धा! हात वर केलाच नाही. दाढ तीच, टाळू तीच. तुमचं काय?

उंबरठा
रात्री दोनला छातीत डावीकडे दुखायला लागलं. वडील हार्ट अटॅकने गेलेले. रिक्षा मिळेपर्यंत डावा हात दुखू लागला, मग जबडा. ईसीजी, रक्त, पुन्हा ईसीजी. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "परवा काही जड उचललं होतं का?" गव्हाचं पोतं उचललं होतं. घरी येईस्तोवर जबडा गप्प! छाती पुढे चार दिवस दुखत होती, पण कोण विचारतंय तिला. (म्हणून कुणी अंगावर काढू नका हं, आधी तपासून घ्या.)

भुलवाला (निवृत्त)
युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा २०१६ सालचा एक प्रयोग आहे. संगणकाच्या पडद्यावर दगड, खाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण आला, त्याहून जास्त ताण बसेल की नाही हे ५०-५० असताना आला. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून मोजला होता. अर्थात, मोजला तो ताण, वेदना नव्हे.
दाढेवरून आठवलं. १९७८ मध्ये लेविन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी दाढ काढलेल्यांना नुसतंच खोटं औषध दिलं. काहींचं दुखणं कमी झालं. मग अफूचा परिणाम मारणारं नालोक्सोन दिलं, तर त्यांचं दुखणं वाढलं. म्हणजे बरं वाटेल या भरवशावर शरीर स्वतःच अफूसारखं काही सोडत असावं. माझ्या टेबलावर मात्र मी खरंच औषध वापरायचो, काळजी नसावी.

कोकणातला
मुतखडा, दोनदा. दुसऱ्यांदा सगळं माहीत होतं. तरी मोरीत लोळलो. पहिल्यांदा वाटलं मरतोय, दुसऱ्यांदा कळत होतं की मरणार नाही. फायदा म्हणाल तर एवढाच.

रेवा७
पहिल्या बाळंतपणात "अजून किती?" विचारलं की "सांगता येत नाही" एवढंच उत्तर. त्या वाट बघण्यानेच मी निम्मी झाले. दुसऱ्या खेपेला वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "कळ चढती, माथ्यावर जाती, उतरती. भिंतीवरचा काटा बघ, मिनिटाभराचं काम." कळा तेवढ्याच होत्या, असं वाटतं. पण प्रत्येकीला शेंडा-बुडखा होता.

धनूची आई
धनूच्या लसीच्या वेळी मी "अजिबात नाही दुखणार" म्हणाले होते. तेव्हापासून माझ्यावरचा विश्वासच उडाला त्याचा. आता दारातच विचारतो, "आई, खरं सांग, मुंगी की गांधीलमाशी?" परवा मनावर दगड ठेवून म्हटलं, "गांधीलमाशी." माझं बोट पिळून काढलं. टोचून झाल्यावर दंडाकडे बघत म्हणाला, "छे! मुंगीच होती."