काविळीच्या साथीचे आकडे एका पानावर: कोणता आलेख घ्यावा?

साथनोंद: सल्ला हवा आहे. हिपॅटायटिस ए काविळीची साथ, १२ वस्त्या, १४ आठवडे, १३७ रुग्ण. नवव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी पाण्यात क्लोरीन सुरू झालं. हे पाणीपुरवठा समितीपुढे ए-४ कागदाच्या एका बाजूवर मांडायचंय. छपाई काळी-पांढरी, हाताशी साधी स्प्रेडशीट, खर्च शून्य, मुदत परवापर्यंत. वस्तीनिहाय पाय चार्ट (वर्तुळाचे तुकडे करून दाखवणारा आलेख) काढला, पण १२ तुकडे एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. रोजच्या रुग्णांची रेषा करवतीच्या दातांसारखी दिसते. काय घेऊ?

रंगपेटी: स्प्रेडशीट सोडा. डॅशबोर्डचं चांगलं सॉफ्टवेअर विकत घ्या, वस्तीवर क्लिक केलं की आकडे उघडतात. नाहीतर ‘आर’ ही संगणकभाषा शिका आणि तिच्यातलं जीजीप्लॉट२ हे आलेखाचं साधन वापरा. रंगांसाठी विरिडिस ही रंगमाला.

तिसरा_अक्ष: कागदावर क्लिक कोण करणार? खर्च शून्य आणि मुदत परवा, असं वरच लिहिलंय.

रंगपेटी: विरिडिस काळ्या-पांढऱ्यातही चालतो, गडद ते फिकट असा सलग उतरतो. लाल-हिरव्याचं तसं नाही, छापल्यावर दोन्ही एकाच राखाडी छटेत जातात. शिवाय काही लोकांच्या डोळ्यांना तो फरक दिसतच नाही.

मोजपट्टी: पाय चार्ट काढून टाका. क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की एका सामाईक पट्टीवरचं स्थान माणूस सर्वांत अचूक वाचतो. कोन आणि क्षेत्रफळ वाचताना जास्त चुकतो. आडवे स्तंभ किंवा ठिपके घ्या. स्तंभ असतील तर अक्ष शून्यापासूनच. ठिपक्यांना ते बंधन नाही.

गोलघुमट: पाय मुळात वाईट नाही. तुकडे दोन-तीन असतील आणि सांगायचं एवढंच असेल की निम्म्याहून जास्त रुग्ण एकाच टाकीवरचे आहेत, तर पायइतकं लवकर काहीच पोचत नाही.

मोजपट्टी: मग ते एका वाक्यात लिहा, आलेख कशाला?

दरडोई: स्तंभ की ठिपके हा प्रश्न नंतरचा. आधी रुग्णसंख्येला लोकसंख्येने भागा. समजा, २४,००० लोकांच्या वस्तीत ६० रुग्ण, म्हणजे दर लाखी २५०. ९०० लोकांच्या वस्तीत ४ रुग्ण, म्हणजे दर लाखी ४४४. समिती लहान वस्तीकडे धावेल. पण ४ रुग्णांवरून काढलेल्या दराची ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा दर ज्या पट्ट्यात असावा तो) साधारण १२१ ते १,१३८ येते, आणि ६० वाल्याची १९१ ते ३२२. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढतात, त्यामुळे लहान वस्ती जास्त बाधित आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. २० पेक्षा कमी रुग्णांवरचा दर डळमळीतच असतो. तिथे नुसता दर छापू नका, सोबत रुग्णसंख्या द्या.

नकाशाप्रेमी: नकाशाचं नाव कुणीच कसं काढलं नाही? डॉक्टर जॉन स्नोने लंडनच्या सोहो भागातल्या १८५४ च्या कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले; त्यानेच ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप ओळखला, दांडा काढायला लावला आणि साथ थांबली. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. प्रत्येक घरावर ठिपका टाका.

तिसरा_अक्ष: दांडा निघाला ८ सप्टेंबरला, आणि साथ त्याआधीच ओसरायला लागली होती. हे स्नोने स्वतःच नोंदवलंय. आणि घरावर ठिपका म्हणजे रुग्णाचं घर चारचौघांत दाखवणं. समितीच्या कागदावर ते चालणार नाही.

नकाशाप्रेमी: मग वस्त्या छटांनी भरा. पाच छटा पुरतात.

दरडोई: भरा, पण दराने, संख्येने नाही. संख्येने भरला तर तो लोकसंख्येचा नकाशा होतो.

आठवडेमोज: साथनोंद ताई, तुमची रेषा करवतीसारखी दिसते कारण तुम्ही दिवस मोजताय. साथीच्या आलेखात स्तंभाची रुंदी रोगाच्या अधिशयन काळाच्या (लागण झाल्यापासून आजार सुरू होईपर्यंतचा काळ) पाव ते एक तृतीयांश ठेवतात. हिपॅटायटिस ए चा हा काळ १५ ते ५० दिवस, सरासरी २८. म्हणजे ७ ते ९ दिवस. आठवडा घ्या.

तारीख नोंदणीची नको, आजार सुरू झाल्याची हवी. तीही सगळ्यांची एकाच व्याख्येने: एकाची ताप-मळमळ सुरू झाल्याची आणि दुसऱ्याची डोळे पिवळे झाल्याची घेतलीत तर एकाच दिवशी लागण झालेले दोघं वेगवेगळ्या आठवड्यांत पडतील.

स्प्रेडशीटमध्ये आठवड्यांची यादी आधी हाताने लिहा आणि काउंटइफ्स या सूत्राने मोजा. पिव्होट टेबल (स्प्रेडशीट आपोआप बनवते तो गोषवारा-तक्ता) रुग्ण नसलेला आठवडा गाळून टाकतं, मग साथीतली खरी फट दिसत नाही. स्तंभांमधलं अंतर, गॅप विड्थ, शून्य करा.

आता महत्त्वाचं. पाण्यात घाण एकदाच मिसळली असती तर सगळे रुग्ण साधारण ३५ दिवसांच्या पट्ट्यात आले असते (५० वजा १५). तुमचे ९८ दिवसांत पसरलेत. म्हणजे लागण एका दिवसात आटोपलेली नाही. गळती चालूच असेल, नाहीतर माणसाकडून माणसाला लागत असेल.

रंगपेटी: क्लोरीनच्या दिवशी उभी रेघ मारा, आधी-नंतरचा फरक लगेच दिसेल.

आठवडेमोज: रेघ माराच, पण तिथेच घात होतो. क्लोरीन सुरू झालं त्या दिवशी आधीच लागण झालेले लोक पुढे ५० दिवसांपर्यंत आजारी पडत राहणार. नवव्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत ४२ दिवसच होतात. या काळातला प्रत्येक रुग्ण क्लोरीनच्या आधीचा असू शकतो! समिती रेघेच्या उजवीकडचे स्तंभ पाहून म्हणेल, क्लोरीनचा उपयोग झाला नाही, बंद करा. म्हणून अक्ष सोळाव्या आठवड्यापर्यंत वाढवा, रेघेपासून ५० दिवसांचा फिकट पट्टा द्या आणि त्यावर लिहा: ‘आधीच लागण झालेले या काळात आजारी पडू शकतात’. शेवटच्या दोन आठवड्यांचे स्तंभ तिरप्या रेघांनी भरा, उशिरा येणाऱ्या नोंदींमुळे ते अजून अपुरे आहेत.

गोलघुमट: वयाचा एक पाय तरी द्या. मुलं किती, मोठे किती.

आठवडेमोज: नको. सहा वर्षांखालच्या बहुतेक मुलांना लागण होऊनही कावीळ दिसत नाही. मुलांचा तुकडा खोटाच लहान दिसेल.

पाणीवाट: क्लोरीन टाकीपाशी मोजलंय की नळावर? मुक्त अवशिष्ट क्लोरीन, म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेलं, शेवटच्या नळाला मिळायला हवं.

नवा_सभासद: लोकसंख्येने भागायला विसरू नका. आणि पाय नकोच.

साथनोंद: सर्वांचे आभार. आठवडेमोज यांचा आलेख घेतेय, पण स्प्रेडशीटमध्ये नाही. चौकटीच्या कागदावर हाताने, एक चौकोन म्हणजे एक रुग्ण. १३७ चौकोन मावतात आणि समितीला बोटाने मोजता येतात. वस्त्यांसाठी नकाशा नाही, ठिपके नाहीत, स्तंभही नाहीत. सरळ तक्ता: लोकसंख्या, रुग्ण, दर लाखी, नळावरचा क्लोरीन.

मोजपट्टी: बारा ओळींचा तक्ता कोण वाचतं? निदान दराच्या उतरत्या क्रमाने तरी लावा.

साथनोंद: नाही. पाइपलाइनच्या क्रमाने लावतेय. पहिली ओळ टाकीला लागून असलेली वस्ती, बारावी ओळ शेवटच्या नळाची.