पर्पेतुआ आणि तिचं तान्हं बाळ

रोमन काळात ख्रिस्ती श्रद्धेपायी जीव दिलेल्या पर्पेतुआला घरादाराची मायाच नव्हती, म्हणून तिला मरण सोपं गेलं, असं कुणी कुणी म्हणतं. मला हे अजिबात पटत नाही. इ.स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहराच्या तुरुंगात तिने लिहिलेलं वाचा, त्यात अंगावर पिणाऱ्या बाळाचा घोर पानोपानी आहे. बाळ जवळ ठेवायला मिळालं तेव्हा तुरुंगच राजवाडा वाटला, असं ती लिहिते. श्रद्धा सोड म्हणून म्हातारा बाप पाया पडला, तरी २२ वर्षांची ही पोर 'मी ख्रिस्ती आहे' यावरून ढळली नाही. मग तिला शिक्षा म्हणून आखाड्यात जनावरांपुढे सोडलं. तिथे पिसाळलेल्या गायीने उडवल्यावर तिने आधी फाटलेलं वस्त्र मांडीवर ओढलं, मग सुटलेले केस सावरले. मोकळे केस म्हणजे शोक, आणि तिला शोक करायचा नव्हता! शेवटी तिला मारायला आलेल्या नवख्या ग्लॅडिएटरचा (आखाड्यातल्या लढवय्याचा) थरथरता हात तिनेच आपल्या गळ्यापाशी नेला.