नुसतं ‘शार्प नाही’ म्हणून भागत नाही

पक्ष्यांच्या फोटोवर अभिप्राय देताना ‘शार्पनेस (रेखीवपणा) कमी आहे एवढं लिहिलं तरी नवशिक्याला कळतं’ असं एक मत आहे, ते मला पटत नाही. कमी आहे हे त्यालाही दिसतंच, का कमी आहे ते त्याला हवं असतं. आणि ते फोटोतच सापडतं, फक्त १०० टक्के मोठा करून बघायला हवा. सगळंच एका दिशेला फराटलेलं असेल तर कॅमेरा हललाय. मागचं गवत स्वच्छ पण पंखांची टोकं पुसट, तर शटर स्पीड (शटर उघडून मिटण्याचा वेग) कमी पडला. डोळा मऊ आणि मागची काडी धारदार, तर फोकस चुकला. तिन्हींवरचे उपाय वेगळे.

भिगवणला होडीतून काढलेले चित्रबलाक पक्ष्यांचे माझे फोटो पाहून बहुतेकांनी ‘चांगली लेन्स घ्या’ असंच सुचवलं होतं. एका काकांनी मात्र चोचीतून गळणारे थेंब दाखवले. थेंबांच्या रेघा झाल्या होत्या. म्हणाले, शटर १/५०० सेकंदावरून १/२००० वर न्या, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चौपट होऊ दे, थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालेल. पुढच्या खेपेला त्याच जुन्या लेन्सने पंखाचं पीस न् पीस वेगळं आलं. असा सल्ला द्यायचा तर सेटिंग्ज कळायला हव्यात, आणि व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की एक्झिफ (फोटोच्या फाइलमध्ये साठवलेली सेटिंग्जची माहिती) गळून जातो. तेव्हा शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं), आयएसओ आणि फोकल लेंग्थ (लेन्स किती मि.मी.वर होती) फोटोखाली हाताने लिहाच.