कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती धंदा: गिऱ्हाईक ओळखीपलीकडे जाईना

तिखटजाळ (प्रश्न)
कागलला घरून कांदा-लसूण मसाला करते. महिन्याला ४० किलो जातो, दोन वर्षं आकडा हलत नाही. २५० ग्रॅमचं पाकीट १५० रुपये. मिरची, गरम मसाला, कांदा-लसूण, तेल, कांडप धरून किलोला ३४० पडतात. पाऊच-लेबलचे पाकिटामागे ८ वेगळे. इन्स्टाग्रामवर ३,००० रुपयांचं बूस्ट (पैसे भरून पोस्टची जाहिरात) केलं, लाइक भरपूर, ऑर्डरी चार. किराणावाले २५ टक्के मागतात, तेही उधारीवर. निपाणी आणि पुण्याहून विचारणा येते. आधी कशाला हात घालू: जाहिरात, दुकानं की कुरिअर?

खतावणी
ताई, आधी किमतीला हात घाला. पाकिटात माल ८५ चा, पाऊच ८, झाले ९३. यात तुमची मजुरी कुठाय? देठ खुडणं, भाजणं, भरणं याचे किलोमागे ४८ धरा, म्हणजे पाकिटाला १२. खरा खर्च १०५. दुकानदाराने १५० वर २५ टक्के घेतले की हातात ११२.५०, उरले साडेसात रुपये. वीस पाकिटांमागे दीडशे. त्यातलं एकच खराब होऊन परत आलं तर दीडशेचे साडेसदतीस होतात.

एमआरपी १८० करा, मग दुकानातूनही पाकिटामागे ३० सुटतात. मात्र तेच पाकीट घरून १५० ला देऊ नका, दुकानदाराला आठवड्यात कळतं आणि माल मागच्या फळीवर जातो. घरून फक्त किलोचं पाकीट ६०० ला ठेवा. पाऊच २० चा धरला तर खर्च ४०८, उरतात १९२. किलोचं पाकीट दुकानात नसल्यामुळे भांडणाचं कारणच राहत नाही.

बूस्टचं म्हणाल तर ३,००० त चार गिऱ्हाइकं, म्हणजे एक ७५० ला पडलं. थेट विकलेल्या दीडशेच्या पाकिटात तुम्हाला ४५ सुटतात. ते गिऱ्हाईक सतरा पाकिटं नेईल तेव्हा जाहिरातीचे पैसे वसूल.

फळीवरचा_माल
उधारी नको हे बरोबर, पण नव्या मालाला दुकानदार रोख देणार नाही. जांगडावर द्या: पाच दुकानं, प्रत्येकी १२ पाकिटं, विकलं तेवढ्याचे पैसे, उरलेलं परत. दर आठवड्याला एकाच वारी जाऊन फळीवरची पाकिटं मोजायची. दोन फेऱ्यांत १२ पैकी ५ सुद्धा गेली नाहीत तर दुकान बदला. गेली तर तिसऱ्या फेरीपासून रोख मागा, तेव्हा मिळते.

लेबल तपासा. एफएसएसएआयचा (अन्नपदार्थ विकायच्या परवान्याचा) १४ आकडी नंबर, शाकाहारीचं हिरवं चिन्ह, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, ग्रॅमचा भाव (१८० ला २५० ग्रॅम म्हणजे ०.७२ रुपये), पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, पत्ता आणि तक्रारीचा फोन. पेनाने लिहिलेली तारीख चालवून घेणारे दुकानदार कमी झालेत.

आणि तेल! या मसाल्याचं पाकीट फळीवर तेलकट दिसलं की कोणी हात लावत नाही. बहुतेक वेळा पाऊच वाईट नसतो. भरताना तोंडाच्या आतल्या बाजूला मसाल्याची भुकटी चिकटते, त्यावर सील बसत नाही आणि तिथून तेल झिरपतं. फनेलने भरा, तोंड कोरड्या फडक्याने पुसा, मग सील मारा. भरलेली पाकिटं रात्रभर कागदावर आडवी ठेवा, गळणारं सकाळी आपोआप कळतं. मसाला कोमट असताना भरू नका, आत वाफ धरते.

घाटावरून_खाली
मला वरच्या दोघांचं अर्धंच पटतं. कागलात दुकानं कितीही धरा, तिथे निम्म्या घरांत उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे हाच मसाला, स्वतःच कांडून आणतात. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत आहे: कोल्हापूरची चव जिभेवर, पण घरात मिरच्या वाळवायला गच्ची नाही. बूस्ट करायचंच तर पुण्याच्या दोन-तीन भागांपुरतं करा, उद्दिष्ट 'मेसेज' ठेवा, आणि जाहिरातीत किलोचंच पाकीट दाखवा.

एकेक पाकीट कुरिअर करू नका. हलकं पण मोठं खोकं असेल तर कुरिअरवाले आकारमानाचं वजन लावतात (लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, बहुधा भागिले ५०००). ३० × २५ × २० चं खोकं ३ किलोचं धरलं जातं, आत एक किलो असला तरी. त्यापेक्षा एका सोसायटीतली एक बाई पकडा: दहा किलोची ऑर्डर गोळा केली की तिला एक किलो फुकट. सहा हजार आले, अकरा किलोचा खर्च ४,४८८, उरले १,५१२. त्यातून पार्सलचं भाडं. माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने एकाच पत्त्यावर.

निपाणी जवळ वाटते, पण ती कर्नाटकात. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंतची सूट राज्यातल्या राज्यात. थोड्या ऑर्डरींसाठी विवरणपत्रांची कटकट परवडते का ते बघा.

तिखटजाळ
सोसायटीचं पटलं. जुन्या गिऱ्हाइकांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप करू की ब्रॉडकास्ट?

खतावणी
ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो. ग्रुपमध्ये एकाने "यंदा तिखट कमी वाटतं" लिहिलं की सगळे वाचतात, शिवाय सगळ्यांचे नंबर उघडे पडतात. एका यादीत २५६ जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. ही मेख बऱ्याच जणांना माहीत नसते. म्हणून पहिल्या पाकिटाबरोबर चिठ्ठी द्या: नंबर सेव्ह करून "मसाला" असा मेसेज पाठवा.

सगळ्यांना रोज फोटो पाठवू नका, लोक ब्लॉक करतात आणि फार ब्लॉक झाले की नंबरच बंद पडू शकतो. वहीत नाव, वजन, तारीख लिहा. तीन खरेद्या झाल्या की त्या घराला किलो किती दिवस पुरतो ते दिसतं. साठ दिवस पुरत असेल तर पन्नासाव्या दिवशी फक्त त्यांना: "वहिनी, मसाला संपत आला असेल. शनिवारी कांडप आहे, एक किलो ठेवू का?" उत्तर 'हो'च्या एका शब्दात देता आलं पाहिजे.