मधुमेहाचा मनावरचा ताण मोजायला पीएचक्यू-९ पुरते का?

प्रश्न: मधुमेही रुग्णांच्या मनावरचं ओझं नियमित मोजायचं आहे. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली सगळ्यांच्या ओळखीची आहे. तीच वापरली तर चालेल का? की खास मधुमेहाच्या ताणासाठीच्या पेड किंवा डीडीएस या प्रश्नावल्यांपैकी एक घ्यावी?

प्रतिसाद १: पीएचक्यू-९ डिप्रेशनसाठी आहे, गेल्या दोन आठवड्यांपुरती. थकवा, झोप, भूक हे तिच्यातले प्रश्न शुगर वाढलेली असली तरी वर जातात. इथे शोधायचंय ते वेगळं: रोजच्या मोजमापाचा वीट, शुगर एकदम उतरेल ही धास्ती, डोळे-किडनीची काळजी, घरच्यांची टोकाटोकी. हा आजार नव्हे, आजार सांभाळताना येणारा शीण आहे. तरी पीएचक्यू-९ सोडू नका. बेरीज १० किंवा जास्त आली तर पुढची तपासणी हवीच. आणि जिवाचं बरंवाईट करण्याबद्दलच्या नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी बोला.

प्रतिसाद २: हिशेबाचं सांगतो, कारण घोळ तिथेच होतो.

पेडमध्ये २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४. बेरजेला १.२५ ने गुणायचं, म्हणजे १०० पैकी गुण मिळतात. ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे ताण गंभीर. गुणायचं राहिलं तर ३४ बेरजेचा रुग्ण ४० च्या आत दिसतो, खरे गुण असतात ४२.५. वेळ कमी असेल तर पाच प्रश्नांची पेड-५ आहे. तिथे २० पैकी ८ पासून पुढे लक्ष द्यायचं.

डीडीएसमध्ये १७ प्रश्न, १ ते ६, आणि बेरीज नाही, सरासरी. २ च्या आत किरकोळ, २ ते २.९ मध्यम, ३ पासून जास्त. तिचे चार भाग आहेत: भावनिक ओझं, डॉक्टरांविषयीचा ताण, पथ्य-औषधांचा ताण, माणसांमधला ताण. मला डीडीएस बरी वाटते ती या भागांमुळे. समजा माणसांविषयीच्या तीन प्रश्नांना ५, ५, ४ आले आणि बाकी चौदांची बेरीज १८. एकूण सरासरी १.९, म्हणजे 'काही नाही'. पण त्या भागाची सरासरी ४.७! एकूण आकडा बघून हा कागद फाइलला लावला, तर घरात एकटं पडलेलं माणूस आपल्या हातून निसटलं.

प्रतिसाद ३: कागद डॉक्टरांसमोर भरून घेऊ नका, डॉक्टरांविषयीच्या प्रश्नांना मग सगळे १ देतात. सोबतच्या नातेवाइकालाही भरू देऊ नका. वाचता येत नसेल तर त्रयस्थाने प्रश्न जसाच्या तसा वाचावा, समजावताना उत्तर सुचवू नये. कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, परत विचारा. आणि त्याच भेटीत सर्वांत जास्त गुणांच्या प्रश्नावर बोट ठेवून विचारा, "हे जरा सांगता का?" भरून घेतलं आणि कुणी बोललंच नाही, तर पुढच्या वेळी खरं उत्तर येत नाही.

प्रश्नकर्ता: आभार. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) चांगलं असलेल्यांना वगळू का?

प्रतिसाद २: नको. शुगर वाढण्याच्या भीतीपोटी रात्री उठून उठून तपासणाऱ्याचंही एचबीए१सी छान येतं.